चँपियन कोण ठरवतं?

दोस्तांनो, आज रात्री जेवायला बसलात की बाबांना किंवा मामाला एक प्रश्न विचारून बघा. "तुमच्याकडे कुस्तीवाली ट्रम्प कार्ड्‌स होती का?" माणूस १९९० च्या दशकात शाळेत गेलेला असेल, तर हातातला घास हातातच राहील! मग ऐका त्यांच्या गोष्टी. दप्तरात लपवलेली पत्त्यांची चळत, मधल्या सुटीत मांडलेला डाव, "उंची!", "वजन!", "छाती!" असा आरडाओरडा, आणि बाईंनी जप्त केलेला तो गठ्ठा! त्या पत्त्यांवर फोटो असायचे हल्क होगन, अंडरटेकर, ब्रेट हार्ट, योकोझुना अशा मल्लांचे. केबल टीव्ही नुकता घरोघरी पोचत होता आणि हे अमेरिकेतले पैलवान रोज संध्याकाळी एकमेकांना उचलून आपटत होते.

आणि घरातले आजोबा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "अरे, नुरा कुस्ती आहे ती सगळी!"

नुरा कुस्ती म्हणजे आधी संगनमत करून खेळलेली कुस्ती. कोण जिंकणार, कोण हरणार हे लढतीआधीच ठरलेलं. पोरांना अर्थातच हे पटायचं नाही. "खोटं कसं असेल? रक्त आलेलं दिसलं नाही का?" झालं, वाद सुरू!

मग खरं कोणाचं? आजोबांचं की नातवाचं? गंमत अशी, की दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. ते कसं, हे समजून घ्यायचं तर त्या पैलवानांच्या कमरेला दिसणाऱ्या चकचकीत पट्ट्याची गोष्ट ऐकायला हवी. चामड्याची रुंद पट्टी, तिच्यावर धातूचे नक्षीदार पत्रे. हाच तो डब्ल्यूडब्ल्यूएफचा, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईचा, जागतिक विजेतेपदाचा पट्टा.

न झालेल्या स्पर्धेचा विजेता!

अमेरिकेत पूर्वी कुस्तीचे खेळ भरवणारे ठेकेदार असत. प्रत्येकाचा आपापला प्रदेश वाटून घेतलेला. एकाने दुसऱ्याच्या हद्दीत जायचं नाही. १९४८ साली यांतल्या काही जणांनी एकत्र येऊन एक संघटना काढली. तिचं नाव नॅशनल रेसलिंग अलायन्स. सगळ्यांचा मिळून एकच जगज्जेता असेल आणि तो गावोगाव फिरून सगळ्यांचा गल्ला भरेल, अशी ही सोय होती. जगज्जेता कोणाला करायचं हे ठेकेदार आपापसांत ठरवत. झालेला विजेता पट्टा घेऊन पळून जाऊ नये किंवा ऐन वेळी हरायला नकार देऊ नये, म्हणून त्याच्याकडून २५ हजार डॉलरची अनामत रक्कमही घेतली जात असे. बघा, पट्ट्यासाठी अनामत!

१९६३ साली हा पट्टा होता बडी रॉजर्सकडे. सोनेरी केसांचा, भयंकर मिजासखोर वागणारा हा मल्ल न्यूयॉर्ककडच्या भागात तुफान गर्दी खेचायचा. त्यामुळे तिथले ठेकेदार व्हिन्सेंट मॅकमहन आणि टूट्‌स माँट त्याला आपल्याच भागात जास्त खेळवायचे. बाकीचे चिडले. शेवटी २४ जानेवारी १९६३ रोजी कॅनडातल्या टोरांटो शहरात लू थेझ या जुन्या, कसलेल्या मल्लाने रॉजर्सला हरवलं आणि पट्टा त्याच्याकडे गेला.

मॅकमहन आणि माँट यांनी मग एक खुसपट काढलं. जगज्जेतेपदाची लढत तीन डावांची असते, दोन जिंकणारा विजयी. इथे एकाच डावात निकाल लागला. आम्ही नाही मानत! असं म्हणून त्यांनी स्वतःची वेगळी चूल मांडली. तिचं नाव वर्ल्ड वाइड रेसलिंग फेडरेशन. म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूएफ. हो, तीन डब्ल्यू! इंटरनेटचे तीन डब्ल्यू यायच्या कितीतरी आधी.

आता वेगळी चूल मांडली, तर वेगळा विजेताही हवा. मग १९६३ च्या एप्रिलमध्ये जाहीर झालं, की ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरो शहरात मोठी स्पर्धा झाली आणि ती जिंकून बडी रॉजर्स आपला पहिला विजेता झाला आहे.

फक्त एक छोटीशी अडचण होती. रिओमध्ये अशी स्पर्धा झालीच नव्हती! ती पूर्ण बनवलेली गोष्ट होती. त्या काळी एवढ्या लांब जाऊन खातरजमा कोण करणार? म्हणजे या पट्ट्याचा जन्मच एका थापेतून झाला. आजोबांना पहिला गुण!

अठ्ठेचाळीस सेकंद आणि पावणेआठ वर्षं

पण थांबा. नातवाचीही बाजू ऐकू या.

१७ मे १९६३. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. रॉजर्ससमोर उभा होता ब्रुनो सामार्टिनो. घंटा झाली, ब्रुनोने रॉजर्सला खांद्यावर आडवा घेऊन असा काही आवळला, की ४८ सेकंदांत लढत खलास! आणि मग हा पट्टा ब्रुनोकडे राहिला तब्बल २,८०३ दिवस. म्हणजे जवळजवळ पावणेआठ वर्षं. पुढे तो आणखी एकदा विजेता झाला. दोन्ही मिळून ४,०४० दिवस. या पट्ट्याच्या इतिहासात कोणालाही हा आकडा गाठता आलेला नाही.

हा ब्रुनो कोण होता, माहीत आहे? १९३५ साली इटलीतल्या पिझ्झोफेराटो नावाच्या डोंगराळ गावात त्याचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य गावात शिरलं, तेव्हा त्याची आई मुलांना घेऊन डोंगरात जाऊन लपली. थंडी, बर्फ आणि पोटात अन्न नाही. ही माउली जिवावर उदार होऊन, सैनिकांची नजर चुकवून गावात यायची आणि स्वतःच्याच घरातून खाण्याच्या वस्तू चोरून न्यायची. त्या दिवसांत ब्रुनो खूप आजारी पडला. १९५० साली हे कुटुंब अमेरिकेत पिट्‌सबर्गला आलं, तेव्हा तो नुसता हाडांचा सापळा होता. इंग्रजीचा एक शब्द येत नाही, अंगात ताकद नाही. शाळेतली दांडगट मुलं त्याला रोज बदडायची.

ब्रुनोने व्यायामशाळा गाठली. रोज वजनं उचलायला लागला. आणि १९५९ साली त्याने बाकावर उताणं झोपून ५६५ पौंड, म्हणजे सुमारे २५६ किलो वजन छातीवरून वर उचलून दाखवलं! तो तेव्हाचा विक्रम होता. मित्रांनो, कुस्तीचा निकाल आधी ठरवता येतो. पण २५६ किलो लोखंडाला कोण पटवणार? ते काही संगनमत करत नाही. नातवाला एक गुण!

न्यूयॉर्कमध्ये इटलीतून आलेली लाखो कष्टकरी माणसं राहत होती. त्यांना ब्रुनो म्हणजे आपला घरचा पोरगा वाटायचा. १८ जानेवारी १९७१ रोजी इव्हान कोलोफने त्याला हरवलं, तेव्हा त्या भल्यामोठ्या सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरली. खाली पडलेल्या ब्रुनोला वाटलं, आपल्या कानांनाच काहीतरी इजा झाली! नंतर त्याच्या लक्षात आलं, की कान ठीक आहेत. लोकच गप्प झाले आहेत. काही जण तर रडत होते.

मधला माणूस

कोलोफ विजेता राहिला किती दिवस? फक्त २१! लगेच पेड्रो मोरालेसने त्याला हरवलं. मोरालेस पोर्टो रिको बेटावरचा, आणि न्यूयॉर्कमध्ये पोर्टो रिकोचे लोकही भरपूर. आता खालची यादी जरा डोळे उघडे ठेवून वाचा.

१९७१ – ब्रुनो हरला, कोलोफ २१ दिवस, मग मोरालेस.
१९७३ – मोरालेस हरला, स्टॅन स्टॅसियाक ९ दिवस, मग पुन्हा ब्रुनो.
१९८३-८४ – बॉब बॅकलंड हरला, आयर्न शेख २८ दिवस, मग हल्क होगन.

काही दिसलं का? लोकांचा एक लाडका नायक जातो आणि दुसरा येतो. मध्ये थोड्या दिवसांसाठी एक खलनायक येतो. असं का? कारण एका नायकाने दुसऱ्या नायकाला हरवलं असतं, तर निम्मे प्रेक्षक रागावून घरी बसले असते! म्हणून मधला माणूस. त्याने सगळ्यांच्या शिव्या खायच्या, पट्टा घ्यायचा आणि पुढच्याच्या हवाली करायचा. गोष्ट लिहिणाऱ्यांची ही युक्ती होती. एकदा तुम्हाला ती कळली, की पुढच्या वेळी निकाल तुम्हीच आधी सांगू शकाल.

खलनायक कुठला?

आता आणखी एक गोष्ट नीट पाहा. ही जरा महत्त्वाची आहे.

इव्हान कोलोफला 'रशियन अस्वल' म्हणत. तेव्हा अमेरिका आणि रशियाचं शीतयुद्ध चालू होतं. पण हा रशियन पैलवान खरा होता कॅनडाचा! त्याचं नाव ओरिआल पेरास.

आयर्न शेख मात्र खरंच इराणचा होता. तो अस्सल कुस्तीगीरही होता. १९७१ साली त्याने अमेरिकेची हौशी राष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती. पण १९७९ साली इराणमध्ये ५२ अमेरिकन लोकांना ४४४ दिवस ओलीस ठेवलं गेलं होतं. तो राग लोकांच्या मनात ताजा होता. त्याचा फायदा घेऊन त्याला खलनायक केलं गेलं.

१९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध सुरू झालं आणि दोनच दिवसांनी पट्टा जिंकला सार्जंट स्लॉटरने. हा तर अमेरिकन! पण त्याला इराकचा समर्थक दाखवलं होतं. लोक इतके भडकले, की त्याला जिवे मारण्याच्या खऱ्याखुऱ्या धमक्या आल्या. आणि १९९३ चा विजेता योकोझुना? तो 'जपानी' सुमो पैलवान खरं तर सामोआ बेटांवरच्या कुटुंबातला होता आणि जन्मला होता अमेरिकेत.

आणि एक दिवस हे आपल्यापर्यंतही येऊन पोचलं. २१ मे २०१७ रोजी रँडी ऑर्टनला हरवून जिंदर महाल विजेता झाला. हा पट्टा मिळवणारा भारतीय वंशाचा तो पहिलाच मल्ल. आपल्याकडे केवढा आनंद झाला! (आपला ग्रेट खली २००७ साली जगज्जेता झाला होता, पण तो पट्टा याच कंपनीचा, पण वेगळा.) जिंदर पंजाबी कुटुंबातला, जन्म मात्र कॅनडातल्या कॅलगरी शहरातला. त्याचे काका गामा सिंग हेही मल्ल होते. त्यांचं हे नाव थेट आपल्या प्रसिद्ध गामा पैलवानावरून घेतलेलं. पण अमेरिकेतल्या रिंगणात जिंदर पगडी घालून यायचा, पंजाबीत बोलायचा आणि लोकांनी त्याची हुर्यो उडवायची, अशीच त्याची भूमिका लिहिलेली होती. कालचा 'रशियन', परवाचा 'जपानी', तसा हा 'भारतीय'.

तेव्हा, कोणीतरी पडद्यावर "हा बघा दुष्ट, हा परका!" असं ओरडायला लागलं, की आपण एक प्रश्न जरूर विचारावा. हे लिहिलंय कोणी? कुस्तीतच नव्हे, इतरही ठिकाणी हा प्रश्न कामाला येतो.

एकसारखे दोन पंच

५ फेब्रुवारी १९८८. अमेरिकेत सुमारे ३ कोटी ३० लाख लोक टीव्हीसमोर बसले होते. चार वर्षं विजेता असलेल्या हल्क होगनसमोर होता महाकाय आंद्रे. आंद्रेने होगनला खाली दाबलं. होगनचा खांदा वर उचललेला सगळ्यांना दिसत होता, तरी पंचाने एक, दोन, तीन मोजलं! होगन हरला. तेवढ्यात रिंगणात आणखी एक पंच धावत आला. हुबेहूब पहिल्यासारखा! तेच नाक, तोच चेहरा. कथा अशी होती, की एका श्रीमंत खलनायकाने पैसे चारून एका माणसाचा चेहरा बदलून घेतला.

प्रत्यक्षात ते दोघे जुळे भाऊ होते, डेव्ह आणि अर्ल हेबनर. बस्स, एवढंच! यातलं अर्ल हेबनर हे नाव लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहे.

अखेर कबुली दिली, पण का?

इतकी वर्षं हे पैलवान आणि ठेकेदार "सगळं खरं आहे" असंच सांगत आले होते. रिंगणातले शत्रू बाहेर एका टेबलावर जेवतानाही दिसायचे नाहीत! मग गुपित फुटलं कसं?

१९८२ साली मॅकमहन यांच्या मुलाने, त्याचंही नाव व्हिन्स, वडिलांकडून ही कंपनी विकत घेतली होती. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात बॉक्सिंगप्रमाणे या कुस्तीवरही सरकारी देखरेख होती. त्यासाठी नियम आणि करही होते. ते सगळं टाळायचं कसं? सोपं आहे. हा खेळच नाही असं सांगायचं! १९८९ च्या फेब्रुवारीत राज्याच्या सिनेटसमोर कंपनीने मान्य केलं, की ही खरी स्पर्धा नव्हे, हे लोकांच्या करमणुकीसाठी केलेलं काम आहे. म्हणजे वर्षानुवर्षांचं गुपित फुटलं ते पैसे वाचवण्यासाठी. आजोबांचा विजय झाला, आणि तोही सरकारी कागदावर!

ठरलेलं मोडलं तर?

आता तुम्ही म्हणाल, सगळं ठरलेलंच असेल तर त्या पट्ट्याला अर्थ काय? याचं उत्तर मिळालं ९ नोव्हेंबर १९९७ रोजी, कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात.

विजेता होता ब्रेट हार्ट. गुलाबी-काळा पोशाख आणि "माझ्याइतका सफाईने कोणी खेळत नाही" असा अभिमान. तो कॅनडाचा. कॅलगरीतल्या घराच्या तळघरात वडिलांनीच त्याला आणि त्याच्या भावांना कुस्ती शिकवली होती. आता तो कंपनी सोडून प्रतिस्पर्धी कंपनीत चालला होता. मॅकमहनला भीती, की हा आपला पट्टा घेऊनच जाईल. ब्रेटचं म्हणणं एकच होतं. हरायला तयार आहे, पण माझ्या स्वतःच्या देशात, शॉन मायकल्सकडून नको. शेवटच्या दिवसांत आपल्या लढतींबाबत आपलं म्हणणं ऐकलं जाईल, असं त्याच्या करारातही होतं. मग लढत अनिर्णीत सोडायची, असं ठरलं.

लढत सुरू झाली. मायकल्सने ब्रेटचे पाय पिळून एक पकड घेतली. ब्रेटने हार मानली नव्हती. तरी मॅकमहन रिंगणाजवळून ओरडला, "घंटा वाजव!" घंटा झाली. पंचाने निकाल देऊन टाकला. पंच कोण? तोच, अर्ल हेबनर!

ब्रेट काही क्षण नुसता बघत राहिला. मग त्याला सगळं उमगलं. तो मॅकमहनच्या तोंडावर थुंकला आणि आत गेल्यावर त्याला एक ठोसा लगावला. तो ठोसा मात्र कोणीही लिहिलेला नव्हता. ब्रेट आणि मायकल्स यांनी रिंगणात उभं राहून एकमेकांशी हात मिळवला तो थेट २०१० साली. मधे बारा वर्षं गेली होती!

एका नाटकातल्या पट्ट्यासाठी एवढा राग? विचार करा. पट्टा जिंकायचा नसतो, तो मिळतो. पण कोणाला मिळतो? ज्याच्यावर सगळ्यांनी भरवसा टाकला त्याला. ब्रेटला हरण्याचं दुःख नव्हतं. आपल्याला दिलेला शब्द मोडला, याचं दुःख होतं. खोट्या कुस्तीतला शब्दही खराच असावा लागतो.

निकाल नुरा, मान खरी

आता सगळ्यात महत्त्वाचं. मुलांनी वाचावं आणि आईबाबांनीही वाचावं.

रिंगणाची जमीन म्हणजे गादी नव्हे. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर पातळसा फोम आणि वर ताणलेलं कापड. त्यावर पडायचं कसं, हनुवटी छातीशी कशी टेकवायची, पाठ सपाट कशी आपटायची, हे शिकायला बराच काळ जातो. एक मल्ल दुसऱ्याला उचलतो, तेव्हा उचलला जाणाराही उडी मारून मदत करत असतो. दोघांचं जुळलं नाही, तर?

२६ एप्रिल १९७६ रोजी हेच झालं. ब्रुनो सामार्टिनोला उचलताना स्टॅन हॅन्सनची पकड चुकली. ब्रुनो डोक्यावर आपटला आणि त्याची मान मोडली. जगातला सगळ्यात ताकदवान मल्ल थोडक्यात वाचला. १९९९ साली तर ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन हार्ट उंचावरून दोरीने रिंगणात उतरण्याचा प्रसंग करताना खाली कोसळला आणि मरण पावला. प्रेक्षकांना आधी वाटलं, हाही नाटकाचाच भाग असेल.

म्हणून दोस्तांनो, धाकट्या भावावर, गादीवर, शाळेच्या मैदानात हे डाव कधीही करायचे नाहीत. कुस्ती शिकायचीच असेल तर तालमीत जा. लाल मातीत वस्ताद आधी पडायला शिकवतात, मग पाडायला.

आणि ब्रुनोचं पुढे काय झालं? त्याचा मल्लांच्या सन्मान-दालनात समावेश करायला कंपनी अनेक वर्षं तयार होती. तो नकार देत राहिला. मल्ल शरीर फुगवण्यासाठी औषधं घेतात, आणि मुलं बघतात त्या कार्यक्रमात अचकट-विचकट प्रकार चालतात, हे त्याला मान्य नव्हतं. कंपनीचं नावही मधल्या काळात बदललं. २००२ साली, त्याच आद्याक्षरांच्या वन्यजीव संघटनेशी (हो, तीच पांडाचं चित्र असलेली!) न्यायालयात हरल्यावर डब्ल्यूडब्ल्यूएफचं डब्ल्यूडब्ल्यूई झालं. आता मल्लांची वैद्यकीय तपासणी होते, अशी खात्री पटल्यावरच २०१३ साली ब्रुनोने होकार दिला. कार्यक्रम झाला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. १८ एप्रिल २०१८ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी तो गेला.

त्याचे २,८०३ दिवस दुसऱ्या कोणीतरी ठरवले होते. पण डोंगरातली ती भूक, व्यायामशाळेतला घाम, मोडलेली मान आणि इतकी वर्षं दिलेला तो नकार, हे कोणी लिहून दिलेलं नव्हतं.

तेव्हा आजोबांना सांगा, "तुमचं बरोबर होतं." आणि मग बाबांकडे बघून हळूच म्हणा, "पण तुमचंही अगदीच चुकीचं नव्हतं हं!" कुणी सांगावं, कपाटाच्या तळाशी तो पत्त्यांचा गठ्ठा अजून असेलही. सापडला तर "उंची!" म्हणून ओरडायला विसरू नका. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की रिंगणात जाहीर होणारे ते आकडेही बरेचदा थोडे फुगवलेलेच असायचे!